खिटी आत होती

मंगळवार, ४ मार्च

दादाचा पाय काढला. उजवा, गुडघ्याखाली चार बोटं ठेवून. अकराला आत नेलं, दीडला बाहेर आणलं. डॉक्टर वहिनीशी बोलले, माझ्याकडे नुसतं बघितलं.

वहिनी सही करत होती तेव्हा मी पाण्याची बाटली धरून उभी. दुसरं काय करणार! घरी येऊन रोपांना पाणी घातलं. त्यांना कुणाचं काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. वेळ झाली की पाणी हवं.

बुधवार, ५ मार्च

कोणी विचारत नाही. म्हणून इथे एकदाच, नीट लिहून ठेवते.

शनिवारी सकाळी दादा मातीची ट्रॉली घेऊन वरच्या वाफ्यांकडे निघाला. म्हातारा — म्हणजे आमचा छोटा ट्रॅक्टर, रोपवाटिकेत आला तेव्हाच दुसऱ्यानं पिळून घेतलेला — चढ चढला. वर पोचल्यावर दादानं तो उभा केला आणि मागच्या चाकामागे वीट लावायला उतरला. म्हातारा मागे आला. चाक पायावर चढलं. ट्रॉली आडवी होऊन बांधाला टेकली म्हणून तिथेच थांबलं. मी खाली कुंड्या भरत होते. हाक ऐकली आणि धावले.

शेजारच्या सुतारानं आणि त्याच्या माणसांनी पहार घालून चाक उचललं. मी इंजिन बंद केलं. एवढंच मला जमलं.

ब्रेक दोन वर्षांपासून नावाला आहे, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण या गाडीला गिअर नाहीत. पंप तेल ढकलतो, तेल चाक फिरवतं. हाताची दांडी मधोमध आणली की तेल अडतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. दादा त्याला ‘तेलावर उभा करणं’ म्हणतो. चौदा वर्षं तेलावर उभा केला, उतरला, वीट लावली. चौदा वर्षं म्हातारा इंचभर हलला नाही. मग शनिवारीच का?

गुरुवार, ६ मार्च

काल एक लिहायचं टाळलं.

मागे, ट्रॉलीच्या हुकाशेजारी, एक खिटी आहे. बोटभर जाडीची सळई, टोकाला गोळा. ती ओढली की तेल मोकळं सुटतं आणि बंद गाडी हातानं ढकलता येते. काम झालं की परत आत दाबायची, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत. नाहीतर अडायचं तेल अडत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी म्हातारा धुवायला मी बाहेर काढला. खिटी ओढून, ढकलत. धुतला, ढकलत परत शेडमध्ये लावला. खिटी पूर्ण दाबली का? ‘टक’ ऐकलं का? आठवत नाही. सहा दिवस आठवतेय. हात साबणाचे होते हे आठवतं, नळ गळत होता हे आठवतं. ‘टक’ आठवत नाही.

आज उठल्या उठल्या शेडमध्ये गेले. खिटी आत होती! पूर्ण आत. दाबून पाहिली, हलेना. जिवात जीव आला. तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि हसले — हो, हसले. मग दादाचा पाय आठवला आणि स्वतःची किळस आली.

शुक्रवार, ७ मार्च

वहिनी म्हणाली, “वन्सं, भंगारवाल्याला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी नेईल. मला तो दारात नको.” मी हो म्हटलं.

शनिवार, ८ मार्च

दवाखान्यात गेले. वहिनी त्याला रागावत होती. आठ दिवसांचं साचलेलं सगळं. “शंभरदा सांगितलं, ब्रेक करून घ्या! तुमचं आपलं होतंय, चालतंय. आता चाला!” म्हणाली आणि स्वतःच तोंडात पदर घालून रडायला लागली.

दादा म्हणाला, “चुकलंच माझं. वीट लावायला उशीर केला.”

उशीर? तो उतरण्यात उशीर करत नाही. वीट त्याच्या पायाशीच ठेवलेली असते. पण त्यानं कबूल केलं आणि विषय संपला. मी मोसंबी सोलत राहिले. तीन सोलली, कोणी खाल्ली नाहीत.

येताना मनात पाल चुकचुकली. खिटी आत होती, मग तेल का अडलं नाही? गुरुवारी गाडी गेली की हे कधीच कळणार नाही.

रविवार, ९ मार्च

सबूर मिस्त्री आला. दर दोन वाक्यांनी ‘सबूर’ म्हणतो म्हणून दादानं ठेवलेलं नाव. मिस्त्रीला ते माहीत आहे, आवडतंही.

“भंगारात द्यायचा तर उघडायचा कशाला?”

“मला कळायला हवं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “सबूर. बघू.”

आधी पट्टा पाहिला. ढिला असेल तर पंप नीट फिरत नाही. घट्ट होता. मग पंपावरचा पंखा. एकही पातं तुटलेलं नाही. पंख्याखालच्या खाचांत वाळकं गवत अडकलं होतं, ते काढलं. त्यानं तेल तापतं, तापलं की पातळ होतं आणि पकड सुटते. मला वाटलं, सापडलं! मिस्त्री म्हणाला, “एवढ्याशा गवतानं काही होत नाही. आणि सकाळच्या पहिल्या खेपेला तेल तापेल कसं?”

तेल काढून पाहिलं. पातळी बरोबर. दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. फेस नाही, म्हणजे हवा नाही. बोटांवर चोळून पाहिलं, चुराही नाही. दादानं दिवाळीनंतरच बदललं असावं असं स्वच्छ.

मी एकेक कारण नाहीसं होताना बघत होते. बिघाड सापडावा म्हणून कोणी एवढं मनापासून देवाला हात जोडले नसतील.

सोमवार, १० मार्च

आज चढावर नेला. तीच ट्रॉली, तेवढीच माती. या खेपेला चाकामागे आधीच दोन ओंडके, हातभर अंतर सोडून. मिस्त्री चालवत होता. तेलावर उभा केला. म्हातारा हलला नाही. अर्धा तास वर-खाली फिरवून, तापवून परत उभा केला. तरी नाही.

“गाडीत काही नाही,” मिस्त्री म्हणाला. “पंप अजून दहा वर्षं चालेल.”

मी विचारलं, “खिटी अर्धी राहिली असेल तर?”

त्यानं गाडी खाली आणली. मग उतरला आणि खिटी अर्धी ओढली. म्हातारा चढला — चढला, पण कण्हत, रडतखडत. वर दांडी मधोमध आणली. क्षणभर थांबला. मग हळूहळू मागे यायला लागला आणि ओंडक्यांवर येऊन टेकला.

त्या कण्हण्यावरून आठवलं. त्या सकाळी निघताना दादा म्हणाला होता, “ठमे, आज म्हातारा जड चालतोय गं.” आणि मी मान वर न करता म्हणाले होते, “माती ओली आहे, जड असणारच.”

हे मी दहा दिवस विसरले होते. सोयीचं तेवढं विसरायला माणसाला काय लागतं!

मंगळवार, ११ मार्च

सुताराला गाठलं. शनिवारी त्यानंच म्हातारा चालवत खाली आणून शेडमध्ये लावला होता.

“मागच्या खिटीला हात लावला होतास का?”

“कुठली खिटी? किल्ली फिरवली, आणला खाली. मस्त चालत होता की.”

त्याच्या माणसांनीही नाही. त्यांनी फक्त पहार घातली. म्हणजे तो खाली आणायच्या आधीच खिटी आत गेली होती. आपोआप जात नाही ती. घट्ट आहे, अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागते.

आता इथे तरी खरं लिहू दे. परवा गाडी जाणार. मिस्त्री बोलणारा माणूस नाही. दादानं आपल्यावर घेतलंय, वहिनीनं मानलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसले तर आयुष्यभर सगळं आहे तसं राहील. वहिनी मला वन्सं म्हणेल, मुलं आत्या म्हणतील, आणि दादा बेफिकीर ठरेल. दवाखान्यात रोज माझ्यासमोर बोलणी खाईल. मी मोसंबी सोलत बसेन.

दुपारभर हाच विचार केला. वाईट वाटलं नाही, मोह वाटला. तोच लिहून ठेवते.

बुधवार, १२ मार्च

दवाखान्यात गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

म्हातारा गेला. भंगारवाल्याच्या माणसांना ढकलता येईना. “जाम झालाय,” म्हणाले. मीच पुढे होऊन खिटी ओढली. मग सहज सरकला.

वहिनी खिडकीत उभी होती. म्हणाली, “तुम्हाला बरं सगळं माहीत त्याचं.”

शुक्रवार, १४ मार्च

वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा दादाला सांगितलं. खिटी माझ्याकडून अर्धी राहिली. मागून कोणी दाबली ते कळत नाही, पण चूक माझीच.

त्यानं पांघरुणाची सपाट बाजू हातानं सारखी केली. मग म्हणाला, “मी दाबली. पडलो तेव्हा समोरच होती, अर्धी बाहेर. हात पुरत होता. आधी ती दाबली, मग तुला हाक मारली.”

“पाय चाकाखाली असताना?”

“तू धावत येणार होतीस ना. तुझी पहिली नजर तिच्यावरच गेली असती.”

वहिनी आत आली. दादानं डोळ्यांनीच मला खुणावलं, गप्प बस. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.