इथे का थांबलात?

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? (म्हणत असेल तर मध्येच तोडू नका, पुरतं म्हणू द्या. हल्ली माझं शिक्षण एवढंच चाललंय.) मी खुशाल आहे. बाकीच्यांचं सांगते.

मॅनेजमेंटमध्ये डॉक्टरेट करतेस म्हणजे नेमकं काय करतेस, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. माणसं एकाच नोकरीत वर्षानुवर्षं का टिकतात, हा माझा विषय. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आधी छापील प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी 'समाधानी' या चौकटीत खूण केली, काहींनी तर प्रश्न न वाचताच. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "आकडे खोटं बोलत नाहीत, पण ते बोलतच नाहीत. गुणात्मक पद्धतीने जा. समोर बस, एक प्रश्न विचार आणि गप्प राहा." मामा, मला गप्प राहा म्हणणारे लहानपणापासून पुष्कळ भेटले, त्याला संशोधन म्हणतात हे पहिल्यांदाच कळलं.

सुरुवात स्टोअरकीपरकाकांपासून केली. विचारलं, "इतकी वर्षं इथेच का थांबलात?" काका पंख्याकडे बघत राहिले. मी नियमाप्रमाणे गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे मला कधी कुणी विचारलंच नाही." चहा संपवला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आता ते मुलांना पोहायला शिकवतात. योगायोग असेल म्हणून मी हिशेबनीस बाईंकडे गेले. बोलता बोलता त्यांना आठवलं, की बसथांबा अगदी फाटकासमोर होता म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. थांबा हलवल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी डबा पिशवीत टाकला, "येते" म्हणाल्या आणि आल्या नाहीत. मग साच्यावरचे दोघे गेले, मग पॅकिंगमधल्या ताई.

शेवटी मालकांनी बोलावलं. "पोरी, तू प्रश्न विचारतेस की कान भरतेस?" मी रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यात माझा आवाज एकदाच येतो. तेव्हा म्हणाले, "मग मलाही विचार." विचारलं. ते इतका वेळ गप्प बसले की रेकॉर्डर आपोआप बंद पडला. "वडील म्हणाले होते," एवढंच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. अशा वेळी पाणी द्यावं की नाही, हे पद्धतीच्या पुस्तकात दिलेलं नाही. मी दिलं. तेव्हापासून मालक रजेवर आहेत. रजा मंजूर कुणी केली, ते कुणालाच माहीत नाही.

मार्गदर्शक बाई खूश आहेत. नवीन काही ऐकू येईनासं झालं की मुलाखती थांबवायच्या, असा नियम आहे. इथे तर ऐकवणारंच कुणी उरलं नाही.

तुमची,
भाची

ता. क. : प्रबंधाला आणखी एक कारखाना लागतो, नाहीतर एवढं सगळं पाण्यात. तुमच्या छापखान्यात बरीच जुनी माणसं आहेत ना? प्रश्न एकच आहे. फार वेळ जात नाही.

आणखी एक ता. क. : मामी मैत्रिणीकडे गेलेली नाही, माझ्याकडे आहे. सरावासाठी मी तिला तोच प्रश्न विचारला होता, फक्त नोकरीच्या जागी संसार घातला. ती रागावलेली नाही, विचार करतेय. न्यायला यायचं असेल तर जरूर या, पण 'मी परत का यावं' याचं उत्तर घेऊन या. 'जेवणाचे हाल होतात' हे तिने आधीच खोडलंय. उत्तर देताना मध्येच गप्प झालात तरी चालेल म्हणाली. ती थांबेल.