डब्यावर फोडलेला नारळ

२६ सप्टें., शुक्र.
स्कॅन सेंटरला नवा स्टोरेजचा डबा आला. तिन्ही सर्व्हरचा डेटा आता नेटवर्कवरून त्यातच, सहा वर्षांचे सगळे स्कॅन. चार डिस्क, एक गेली तरी काम चालू. डॉक्टरसाहेब खूश. म्हटलं, "सर, डबाच गेला तर? एक कॉपी बाहेर ठेवू." "मनीषा, अपशकुनी बोलू नको." जुन्या डिस्कवरचं सगळं पुसून त्या वेंडरला परत. बारा वर्षं इथले कॉम्प्युटर सांभाळते, तरी मी अपशकुनी.

१ ऑक्टो., खंडेनवमी
यंत्रांची पूजा. डबा बंद करते म्हटलं. सर : "पेशंट थांबत नाहीत." नारळ सरांच्या वडलांच्या हातात. खाली फोडा अप्पा, म्हटलं. "न्हाय पोरी, ज्याची पूजा त्याच्यावरच फुटला पायजे." डब्याच्या कडेवर दोन ठोके. पाणी जाळीतून थेट आत. खोबरं पांढरंशुभ्र निघालं, टाळ्या. डब्याचे दिवे विझलेले फक्त मी पाहिले.

३ ऑक्टो.
चारपैकी तीन डिस्क गेल्या. डेटा निघतो का पाहायला पुण्याला पाठवू म्हणे, खात्री नाही.
जळकोटच्या मावशी आल्या, जुन्या पेशंट. फुप्फुसात गाठ. वाढली का, ते जुन्या स्कॅनशी ताडून ऑपरेशनचं ठरणार. "जुनं तुमच्याकडंच हाय की, बाई." व्हय. फिल्म कशाला सांभाळता, आमच्याकडं कायम राहतं, असं काउंटरवर मीच सांगायचे. सोमवारी या म्हटलं. लाज वाटली.

४ ऑक्टो.
सरांनी कागद पुढं केला. 'सकाळी डबा पुसताना माझ्या हातून पाणी सांडलं.' खाली माझं नाव, टाइप केलेलं. "अप्पांचं नाव या वयात नको. नोकरी जाणार नाही, मी आहे ना." चोर सोडून संन्याशाला फाशी. नुसता संताप. सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही...

५ ऑक्टो., रवि.
अप्पा घरी आले, काठी टेकत. दोन दिवस जेवले नाहीत. "माज्यामुळंच झालं व्हय गं? खरं सांग."
म्हटलं, "नाही अप्पा. त्याआधी पुसताना माझ्याकडूनच पाणी गेलं होतं."
लेकाला जे दिलं नाही, ते बापाला देऊन बसले. मूर्ख मी. अप्पा चहा मात्र पोटभर प्याले.

६ ऑक्टो., सोम., सकाळ
अप्पांचा फोन. "पोरीला कुणी बोललं तर म्या बगतो." दहाला सेंटरवर येऊन बसणार आहेत.
मावशीही दहालाच येणार. जुना स्कॅन कसा गेला, विचारतील. त्यांच्याशी खोटं बोलवणार नाही. आणि अप्पा शेजारच्याच खुर्चीवर.
साडेनऊ झाले.