खरखरीत दांडा

४ फेब्रुवारी
चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ऑपरेशन मी रद्द केलं, हे काकूनं तिखटमीठ लावून कळवलंच असेल. खुब्यात बसवायचा भाग डॉक्टरांनी हातात दिला. वरचा गोळा आरशासारखा. मांडीच्या हाडात जाणारा दांडा मात्र खरखरीत, जणू पॉलिशवाला जेवायला गेला तो परतलाच नाही. चाळीस वर्षं मी पॉलिशचं चाक चालवलं. असलं अर्धवट काम कारखान्याबाहेर जाऊ दिलं नाही, ते अंगात घेऊ? दांडा घासून आणा म्हटलं, तर डॉक्टर काकूकडे बघून हसले. तू हाडांच्या प्रयोगशाळेत असतेस, तूच सांग कोण चुकतंय. जिना चढणं बंद झालंय, ते सोड.
लोभ राहू दे, उपदेश आवर.
तुझा काका

१० फेब्रुवारी
ती. काकांस,
सा. न. वि. वि. चूक तुमची आहे. हाड बांधणाऱ्या पेशी मी रोज बघते. गुळगुळीत तुकड्यावर त्या ऐसपैस पसरतात, गर्दी वाढवतात आणि काम बेताचं करतात, आमच्या ऑफिससारखं. खाचखळगे असले की तिथे पाय रोवून हाड घालू लागतात. दांडा त्यांच्यासाठीच तसा ठेवलाय. सोबत बैलाच्या हाडाच्या चार चकत्या, दोन गुळगुळीत, दोन खरखरीत. बोट फिरवा आणि परत पाठवा. काकू म्हणते, तुम्ही आता न्हाणीघरातही भिंत धरून जाता.
माया आहे म्हणून भांडते, तुमची कमी करू नका.
भिंगरी

१७ फेब्रुवारी
चि. भिंगरीस,
आशीर्वाद. चकत्या परत पाठवतोय. दोन खराब निघाल्या, त्या नीट करून दिल्यात. आभार मानत बसू नकोस.
काका

१८ मार्च
ती. काकांस,
सा. न. वि. वि. चकत्या बघून डोक्याला हात लावला. मग तुमच्या दोन आणि आमच्याकडच्या दोन खरखरीत चकत्यांवर सारख्याच पेशी सोडल्या. आज तीन आठवडे झाले. सोबतच्या फोटोत नवं हाड रंग दिल्यामुळे लाल दिसतं. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई विचारतात, एवढी झिलई कोणत्या यंत्राची? काका आहेत म्हटलं.
रागावा, पण पत्र पाठवा.
भिंगरी

२३ मार्च
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. फोटो काकूचा चष्मा लावून पाहिले. तुमच्या चकत्या लालभडक. माझ्या चकत्यांवर कुठे चार ठिपके, तेही काकूनं दाखवले म्हणून. माझ्या कामावर कधी धूळ टिकली नाही याचा मला अभिमान होता. हाडही टिकणार नाही, हे कोणी बोललं नव्हतं.
सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टरांना अट घातलीय, दांडा परत माझ्या हातात देऊ नका. घरात पॉलिशचा कागद आहे आणि मला राहवणार नाही.
लोभ आहे तसाच असू दे, घासूनपुसून नको.
काका