आईच्या नावावरची हरकत

रॉयस,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून 'प्रिय' लिहायचे कष्टही घेत नाही.

"हे लोक नोंदवलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, यांची मतं खोटी," म्हणत तू आमच्या निवडणूक कचेरीत तीनशे नावांची यादी दिलीस. त्यातलं एकशे चौदावं नाव वाचलंस का? ओपल मे टर्नर. आपली आई, मूर्खा!

मार्चमध्ये कंबरेच्या ऑपरेशननंतर ती तुझ्याकडे राहिली, तेव्हा तिचं टपाल तू तुझ्या पत्त्यावर वळवलंस. ती घरी परतली, पण ते रद्द करायचं तू विसरलास. आणि यादी कशावरून काढलीस? टपाल वळवलेल्या पत्त्यांवरून!

आज ती वॉकर ढकलत मतदानाला आली. अंगात चर्चला घालते तो निळा ड्रेस, सोबत आम्हा कर्मचाऱ्यांसाठी घरी भाजलेला गोड पीच पाय. हरकतीवर सुनावणी होईपर्यंत तिचं मत मोजणार नाहीत, हे तिला मला सांगावं लागलं.

"साठ वर्षं जॉर्जियात मत देतेय मी! कोण मेला म्हणतोय मी इथली नाही? नाव सांग, नदीन. आपला रॉयस बघून घेईल त्याला."

तुझ्या सहीचा अर्ज माझ्या हातातच होता. मी म्हणाले, "अक्षर लागत नाही गं."

मागच्या निवडणुकीत आम्ही मतं चोरली म्हणून चार वर्षं तू मला भर जेवणात खोटारडी म्हणतोयस. कचेरीतल्या माझ्या खुर्चीत बसून मी आज पहिल्यांदा खोटं बोलले. तुझ्यासाठी.

तुझी बहीण, इलाज नाही म्हणून,
नदीन