पिवळा मका, पांढरे पाय

९ जुलै १९८४
मालनकडे जाऊन आलो. ऐंशी कोंबड्या, सगळ्या किडकिडीत. नवरा बोटीवर, घर या अंड्यांवर चालतं. म्हणाली, "खातायत बक्कळ डॉक्टर, पण अंगाला लागत नाय." जंत असणार, म्हणून औषध दिलं.
विष्ठा तपासायला आणली होती. औषध आधी, तपासणी मागून — हे बरोबर नव्हे.

१० जुलै
जंत नाहीत!

१४ जुलै
मेलेली एक कोंबडी फाडून पाहिली. काळीज पिवळट, बोटानं चुरतं. आतड्यात मक्याचे कण जसेच्या तसे, वर तेलकट थर. आणि पाय पांढरे! मक्यातला पिवळा रंग पायांत उतरायला हवा. तो आतड्यातून रक्तात जातच नाही. तेल जात नाही, रंग जात नाही — मग मांस कुठून धरणार? बुरशीचं विष. आता शंका नाही.
मालनच्या गोणीत हात घातला. मक्याची पेंड कोमट, कुबट वास. माल हातखंब्याच्या भिकाजीशेठचा. एक नमुना हिच्या गोणीतला, एक त्याच्या दुकानातला, दोन्ही तपासायला मुंबईला पाठवले. गोणी खड्ड्यात पुरायला लावली.

२० जुलै
वाडीतल्या बायकांना सांगून टाकलं, भिकाजीकडून पेंड घेऊ नका. निकाल यायचाय. पण तोवर थांबून कोंबड्या मारायच्या का?
नाक्यावर भिकाजीनं गाठलं. चहा मागवला आणि हळूच म्हणाला, "माल वाईट असला तर माझ्या दारात येऊन बोला. बायकांच्या कानात नको."
चहा न पिताच निघालो. चुकलो नाही. फार तर घाई झाली.

२८ जुलै
वाडीतल्या गंगुबाईनंही भिकाजीचं दुकान सोडलं. ठीक.

५ ऑगस्ट
निकाल आला. दुकानातला नमुना स्वच्छ. मालनच्या गोणीतला विषारी. दोन्ही एकाच खेपेचे!
तसाच तिच्याकडे गेलो. नवी गोणी, दुसऱ्या दुकानातली — चुलीशेजारी, प्लास्टिकच्या कागदात गच्च बांधलेली. सोडली तर कागदाला आतून घाम. तिची सासू सुकट चुलीवरच्या शिंक्यात उघडी ठेवते, ती खडखडीत.
विचारलं, हे असं बांधायला कोणी सांगितलं? ती गोंधळली.
"तुमीच बोललाव की. वारा लागू द्यायचा नाय."
मी फक्त बाहेरच्या पावसाचा विचार केला होता. पेंडीतली ओल, चुलीची ऊब... इतकी वर्षं शिकून!

६ ऑगस्ट
कपाटातून मेमधलं पत्रक काढलं, 'पावसाळ्यात खाद्याची काळजी'. चौथी ओळ — 'गोणी प्लास्टिकमध्ये हवाबंद बांधावी.' खाली माझी सही. दोनशे छापलेली, तालुकाभर वाटून उरलीत अकरा.
आधी भिकाजीच्या दारात. मग एकेक घर.