अबोली दोऱ्यांचं कपाट

मी, श्रीमती एस्तेर येशुदास भालेराव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार नाचणे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज माझी शेवटची इच्छा सांगून लिहून घेत आहे. काचबिंदूने माझे डोळे नेले, डोके नेलेले नाही. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून वळवलेले नाही. मला वळवणे कुणाला जमले असते तर आमच्या ह्यांना जमले असते. लिहून घेणारी वकील नम्रता ही माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला काज-बटण कधी धड जमले नाही, पण कायदा जमतो असे लोक सांगतात. मी बोलेन तसेच लिहायचे, मध्ये सुधारायचे नाही, हे तिने कबूल केले आहे.

माझे पती येशुदास प्रभूत निजले आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि कुणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. नाचण्याचे चिऱ्याचे कौलारू घर, परस आणि दारातला फणस माझ्यामागे पुतण्या समर्थ याला मिळावा. तो विरारला राहतो. मे महिन्यात येतो, गरे खातो आणि भिंतींकडे बघत बसतो. मला दिसत नाही, पण तो भिंतींकडे बघताना गप्प होतो ते कळते. अट एकच: दुपारी शिवायला आणि ऐकायला निदान दोन बायका येत आहेत तोवर पडवी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिथे मोटरसायकल लावायची नाही. समर्थ, तुला राग येईल. येऊ दे.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. पेटी साधी असावी. उरेल त्यातून चर्चची कौले परतून घ्यावीत. पत्रा घालायचा विचार काही मंडळींच्या डोक्यात आहे, त्यांना माझे पैसे मिळणार नाहीत.

कलम ३. पायाचे शिलाई मशीन ईशा हिला द्यावे. ईशा शेजारची पोर, कॉलेजातून आली की माझ्याकडे शिकते. वाचन सुरू झाले की ती पेंगते. आजवर तिने एकही दोरा ठेवलेला नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते. दोरा म्हणजे काय ते पुढे येईल. नम्रता, भुवया उंचावल्यास ना? तुझा श्वास सांगतो मला.

कलम ४. कापडाची मोठी कात्रीही ईशालाच. माझ्या शिवणवर्गातल्या सगुणाला मुळीच नाही. त्या कात्रीने वर्तमानपत्र कापताना मी तिला धरली आहे, आणि वर म्हणते कशी, "बाई, कागदच तर हाय." कागदाने धार जाते हे जिला इतक्या वर्षांत कळले नाही तिला माझी कात्री काय म्हणून द्यायची?

कलम ५. आता कपाट. बाकीची कलमे मी वाटेवरची म्हणून घातली. हे मृत्युपत्र खरे तर या कपाटाकरता आहे.

हे म्हणजे माझे यजमान धार्मिक पुस्तके विकत. पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून सावर्ड्याच्या बाजारात, पोफळीच्या कॉलनीत, खाली दापोली-मुरुडपर्यंत जात. मनन, प्रार्थना, दुःखात धीर, आत्म्याची वाढ, अशी ती पुस्तके. प्रत्येकातली एक प्रत घरी राही. तेच कपाट भरले. पडवीत माझा शिवणवर्ग चाले. बायकांचे हात गुंतलेले, कान मोकळे. हे म्हणाले, "एस्तेर, रोज दुपारी एक प्रकरण वाच. कपडा होईल आणि माणूसही." मी वाचू लागले. हिंदू बायकाच जास्त, पण कुणी नाके मुरडली नाहीत. घरी जाऊन त्या तुळशीपुढे दिवा लावीत, आणि दुपारी माझ्याकडे प्रार्थनेवरचे प्रकरण ऐकत. ह्यांना त्यात काही वावगे दिसत नसे.

दोऱ्याची रीतही ह्यांचीच. प्रत्येकीचा रंग ठरलेला. ऐकताना एखादे वाक्य काळजाला लागले की तिने "थांबा" म्हणायचे, आपल्या रिळाचा वीतभर दोरा दातांनी तोडायचा आणि तो त्या ओळीवर ठेवायचा. पुस्तक मिटले की टोक बाहेर लोंबते. नियम इतकाच की वाचणारीने दोरा ठेवायचा नाही. ह्यांचे म्हणणे, वाचणारी थांबली तर ऐकणाऱ्यांची वाट अडते. माझा रंग निळा ठरला होता. निळे रीळ बिस्किटाच्या डब्यात तसेच आहे, कंपनीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही.

सगुणा दत्ताराम आग्रे हिचा रंग अबोली.

ती आली तेव्हा तिचा नवरा मुंबईला जाऊन परत यायचा थांबला होता. दोन वेळा जेवत नव्हती, शिवताना बोटाला सुई टोचली तरी बघत नव्हती. मी वाट पाहण्यावरचे प्रकरण वाचीत होते. त्यात वाक्य आले, की दार वाजले नाही तरी दाराशी बसलेल्याजवळ कुणीतरी बसलेले असते. ती ओरडलीच, "थांबा बाई!" आणि रडली, आणि मग जेवली. माझ्याच घरात, माझीच पेज, दोनदा मागून. मला बरे वाटले होते, खोटे का बोलू? पण मग रोजच "थांबा बाई, थांबा बाई." एकेका पुस्तकाला अबोली झिरमिळ्या लागल्या. एकदा हे कपाट उघडून हसत म्हणाले, "ही तर सगुणाताईंची पुस्तकं झाली."

ते हसणे मी त्यांना माफ केले आहे. वाक्य केलेले नाही.

माझे म्हणणे ऐकून घ्या. पुस्तके माझ्या घरची, आवाज माझा, घसा माझा बसायचा. आणि लागायचे तिला. भात लावायला ती गावी गेली होती त्या दिवसांत मी दुपारी एकटी बसून तिच्या दोऱ्यांच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मोठ्याने वाचल्या, हळू वाचल्या, गुडघे टेकून वाचल्या. शब्द होते. चांगले शब्द होते. बाकी काही झाले नाही. मी जन्माची ख्रिस्ती, माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, आणि माझ्याच पुस्तकांनी माझ्याशी अबोला धरावा आणि तिच्याशी गुजगोष्टी कराव्यात? मी सोडून सगळ्यांना त्या कपाटाने धीर दिला. जळफळाट झाला माझा, आणि अजून होतो.

हे अंथरुणाला खिळले तेव्हा मी उशाशी बसून वाचीत होते. त्यांनी हाताने थांबवले. म्हणाले, "सगुणाताईंना बोलाव. ती दाराची ओळ त्यांना सांगू दे." ती आली, मासळीच्या वासाचा हात पदराला पुसला आणि पुस्तकाशिवाय ओळ म्हटली. ह्यांचा चेहरा मोकळा झाला. माझ्या तोंडून तिच्या कानात गेलेली ओळ माझ्याच नवऱ्याला तिच्या तोंडून हवी होती! मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

आता डोळे गेल्यापासून ती रोज दुपारी येते आणि मला वाचून दाखवते. मी बोलावलेले नाही. "बाई, आता तुमी ऐका, मी वाचतंय," म्हणाली आणि बसली. जोडाक्षराला अडखळते, स्वल्पविरामाला थांबत नाही, मध्येच शेजारणीच्या म्हशीची बातमी सांगते. मी ऐकणारी झाले, म्हणजे आता दोरा ठेवायचा हक्क माझा. पण माझे सगळे लक्ष तिच्या चुका वेचण्यात. ती दर प्रकरणानंतर विचारते, "ठेवू काय निळा?" मी म्हणते, "नको. तू 'आश्वासन' नीट म्हण आधी." मरण्यापूर्वी एक तरी ओळ माझी व्हावी एवढेच मागणे राहिले आहे, आणि ते देवाखेरीज कुणाला मी आजच सांगते आहे.

तेव्हा कपाट सगुणाला मिळू नये, पुस्तकांसह चर्चच्या वाचनालयाला जावे, असे मी सांगितले. नम्रताने लिहिलेही. मग विचारते, "बाई, दोऱ्यांचं काय? कमिटीवाले म्हणतील साफ करून द्या." मी म्हटले, करा साफ. आणि मग माझ्या तोंडून पुढचे कलम निघेना. ते दोरे ओढून काढताना कसा आवाज होईल तो मला ऐकू आला. दोरे अबोली असतील, पण त्या प्रत्येक ठिकाणी माझा आवाज थांबलेला आहे. दुसरी कुठली खूण मी मागे ठेवलेली नाही.

म्हणून कपाट वाचनालयाला देण्याचा वरील मजकूर रद्द. कपाट, पुस्तके आणि दोरे सगुणा दत्ताराम आग्रे हिला द्यावेत. खुशीने देते असे लिहू नको, नम्रता. देते एवढेच लिही. अट: मी गेल्यावर त्या पुस्तकांत नवीन अबोली दोरा पडता कामा नये. नम्रता म्हणते ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिकू दे, लिही.

कलम ६. माझ्या दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांचे करावे, पण कपाटातल्या एखाद्या पुस्तकातले एक पान सगुणाने वाचावे. कुठले ते तिने ठरवावे. तिच्याएवढी ती पुस्तके कुणाला उमगलेली नाहीत, हे मी कागदावर मान्य करते. खड्ड्याभोवती उभे राहणारे सगळे ते ऐकतील, समर्थसुद्धा ऐकेल, आणि एकटी मी ऐकणार नाही. मला त्या सगळ्यांचाही आत्ताच हेवा वाटतो.

कलम ७. व्यवस्था बघण्याचे काम नम्रताने करावे. तिची फी तिने समर्थकडून घ्यावी.

वाचनाबाबत नोंद. मला दिसत नसल्याने हा मजकूर वाचून दाखवणे भाग होते. नम्रताने एकदा वाचला, तो कायद्यापुरता. दुसऱ्यांदा मी सगुणाला वाचायला लावला. नम्रता म्हणाली, "बाई, तिच्याबद्दल काय काय लिहिलंय त्यात! ती काय म्हणेल?" मी म्हटले, तेच ऐकायचे आहे मला.

सगुणाने वाचले. कात्रीच्या कलमाला फुसकन हसली. "अबोला धरावा" इथे आवाज बारीक झाला, पण पुढे गेली. भांडी घासली तिथे म्हणाली, "ठाऊक व्हता मला," आणि पुढे गेली. कलम सहाला, 'एकटी मी ऐकणार नाही' इथे, ती थांबली. जोडाक्षर नाही, काही नाही, नुसती थांबली. मी पहिल्यांदा चूक शोधली. चूक नव्हती. मग ते वाक्य, जे मी तासापूर्वी रागाने सांगितले होते, तिच्या आवाजात माझ्यापर्यंत आले. माझ्या बाजूला कुणीतरी बसलेले आहे असे वाटले. ती तर होतीच बसलेली, इतकी वर्षे.

"बाई, दोरा ठेवू काय गो मी?" तिने विचारले. बाईला 'गो' म्हणाली, तेही लिही.

"तू नाय," मी म्हटले. "तू वाचणारी. निळा काढ डब्यातून. दातांनी तोड. हां, तिथेच, त्याच ओळीवर. सरळ आहे ना?"

"सरळ हाय."

"अबोली नाही ना कुठे जवळ?"

"नाय बाई. एकलाच निळा."

तरी कलम सहाच्या ओळीवर जो निळा दोरा आहे तो खाडाखोड समजू नये, कुणी काढू नये. तो या मृत्युपत्राचा भाग आहे. आणि कलम पाचमधली शेवटची अट मी मागे घेते. ठेवू दे तिला दोरे.

अंगठा देणार नाही. ओळीखाली पट्टी धरा, सही करते.

एस्तेर येशुदास भालेराव

आम्ही खाली सही करणारांनी बाईंना शुद्धीवर, आणि वाचणारीला पुढचे पान लवकर वाच म्हणून दटावताना पाहिले. दोरा आमच्यासमक्ष ठेवला गेला. सगुणा आग्रे हिला कपाट मिळणार असल्याने तिची सही घेतलेली नाही. तिने पेन हातात धरून सही करू द्या म्हणून दोनदा विनवले होते.

साक्षीदार:
१. संदेश रामा शिवलकर, नाचणे
२. दिशा संदेश शिवलकर, नाचणे

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४