गाडी घरीच आहे

रायपूर

चि. वनमाला,

दादाचे आशीर्वाद. तुझा गुडघा, शामरावांची साखर आणि वर्ध्याचं ऊन आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. माझी खुशाली वेगळी कळवायला नको. माझी स्कूटर कुठे उभी आहे ते तुम्हा दोघांना रोज दिसतंच.

आशयनं दिवाळीत सीटखाली ते यंत्र बसवलं. (चोरांसाठी, म्हणाला. चोर अजून आलेला नाही.) बंगलोरला परतताना त्याची लिंक ‘आपली माणसं’ ग्रुपवर टाकून गेला. तो कामात असतो, तेव्हा नजर सगळ्यांनी ठेवावी. तुम्ही ठेवली. मी सदर बाजारात फुटपाथवर चप्पल शिवून घेत थांबलो होतो. नकाशाला फुटपाथ दिसत नाही, मागचा सराफ दिसतो. मी घरी पोचायच्या आत शामरावांनी ग्रुपवर विचारलं, ‘बाबाराव सराफाकडे काहून थांबले?’ पाठोपाठ तुझा फोन, ‘दादा, वहिनीचं मंगळसूत्र मोडून राहिला का?’ रमा गेली तेव्हा एवढी घाई तुम्ही केली नव्हती. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

तेव्हापासून गाडी हलली की फोन येतो. हलली नाही की येत नाही. मध्यंतरी ती बरेच दिवस हलली नाही. सूनबाईनं ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा आजकल घर पर ही रहते हैं, अच्छा है.’ खाली तू हात जोडलेस. गाडी घरीच होती. मी समता कॉलोनीतल्या दवाखान्यात होतो. न्हाणीघरात पडून खुबा मोडला. वर भाड्यानं राहणाऱ्या गौतमनं मला ऑटोत घालून नेलं. ‘काकाजी, आशय भैया को बता दूँ?’ मी म्हटलं, त्याच्याकडे नकाशा आहे. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून गौतमनंच सही केली. भाडेकरूसाठी जागा नव्हती.

राग नाही. तुम्ही बघत होतात, यात मला शंका नाही.

तुझा दादा,
बाबाराव

ता. क. गौतम सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात कामाला आहे. स्कूटर आता त्यालाच दिली. काल पहिल्यांदा ती शहराबाहेर पडली आणि आशयचा फोन आला. ‘बाबा, सिलतरा क्यों जा रहे हो?’ म्हटलं, मी पलंगावर आहे. ‘तो गाडी चोरी हो गई?’ म्हटलं, नाही. ‘अच्छा, फिर ठीक है,’ म्हणाला आणि ठेवला.

आणखी एक. मला एकट्याला आंघोळ जमत नाही. चार दिवस येशील का? ग्रुपवर टाकू नको. घराचा रस्ता तू विसरली असशील. स्कूटरच्या ठिपक्यामागे येऊ नको, तो सिलतऱ्याला नेईल. स्टेशनवर उतरून कुणाला तरी विचार.